लीळाशोधक म्हाइंभट

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या लीळांचे चिंतन करणारा साधक लीळाचरित्र नित्य उघडतो. परंतु तो ग्रंथ ज्यांच्या परिश्रमाने सिद्ध झाला, त्या म्हाइंभटांचे स्वतःचे चरित्र त्याच्या ध्यानी क्वचितच येते. याचे कारण खुद्द ग्रंथकर्तेच होत. त्यांनी ग्रंथात आपणास पुढे आणले नाही. जेथे आपले नाव घेणे प्राप्त झाले, तेथे ते पराभूत पंडित म्हणून घेतले. असे असले तरी त्यांचे जीवन हाच एका मोठ्या उपदेशाचा वस्तुपाठ आहे. मनुष्याच्या मनातील पूर्वग्रह कोणत्या मार्गाने नाहीसा होतो, या प्रश्नाचे उत्तर त्या जीवनात सापडते.

दोन मनुष्ये समोरासमोर येऊन बोलतात, ते बोलणे दोन हेतूंनी होत असते. एकात समोरच्यास निरुत्तर करावयाचे असते, दुसऱ्यात त्याच्याजवळ असलेले आपणास मिळवावयाचे असते. पहिल्यास वाद म्हणावे, दुसऱ्यास पृच्छा. म्हाइंभटांच्या आयुष्याचा पूर्वभाग वादात गेला आणि उत्तरभाग पृच्छेत. या दोहोंमध्ये जे घडले, तेच त्यांचे खरे चरित्र होय.

म्हाइंभट हे गोदावरीच्या परिसरातील सराळे गावचे. घराणे ब्राह्मणाचे, स्थिती संपन्नतेची आणि विद्या त्या काळी मान्यता पावलेल्या शास्त्रांची. तेराव्या शतकाचा तो उत्तरार्ध होता. देवगिरीवर यादवांची सत्ता होती. शास्त्रार्थ करावयाचा तो संस्कृतात, आणि तो करावयाचा अधिकार द्विज पुरुषांचा, अशी व्यवस्था समाजात दृढ झालेली होती. यादवांचा मंत्री हेमाद्री याने व्रते, दाने, श्राद्धे यांचा चतुर्वर्गचिंतामणी हा प्रचंड संस्कृत ग्रंथ याच काळात सिद्ध केला. स्त्रीशूद्रांची भाषा मराठी, आणि ज्ञानाची भाषा संस्कृत. या विभागणीत कोणास काही विपरीत वाटत नव्हते. म्हाइंभटांसही ते वाटत नव्हते. शास्त्रात पारंगत होऊन सभा जिंकाव्या, प्रतिपक्षाचे मत खंडून काढावे आणि आपल्या पांडित्याचा लौकिक वाढवावा, हीच विद्वानाची परमगती, अशी त्यांची धारणा होती.

अशा पंडिताच्या कानी श्रीचक्रधर स्वामींची कीर्ती आली. स्वामींचे पूर्वायुष्य गुजरातेत गेलेले. भडोचच्या प्रधानकुळात ते हरिपाळदेव म्हणून वाढले. परंतु त्यांनी आपले कार्यक्षेत्र महाराष्ट्र केले आणि निरूपणाची भाषा मराठी केली. परप्रांतीय पुरुषाने येथील भाषा आपलीशी करून तीत ब्रह्मविद्या सांगावी आणि येथील पंडितांनी मात्र त्याच भाषेस कमी लेखावे, असा हा विरोध होता. स्वामींच्या भोवती विद्वान होते, तसेच अक्षरशत्रूही होते. बाइसा, आबाइसा, महादाइसा, साधे अशा स्त्रिया त्यांच्याजवळ निःशंकपणे प्रश्न विचारीत आणि स्वामी त्यांस सविस्तर उत्तरे देत. स्त्रीच्या मासिक धर्मास विटाळ मानण्याचे कारण नाही, देहाच्या अन्य द्वारांतून जसे मळ जातात तसाच तोही एक देहधर्म आहे, असा स्वामींच्या निरूपणाचा आशय लीळाचरित्रात नोंदलेला आहे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी हे सांगितले गेले, आणि स्त्रियांच्या समक्ष सांगितले गेले.

म्हाइंभट स्वामींच्या भेटीस आले ते डोमेग्रामी. हे स्थान म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यातील कमालपूर. म्हाइंभट जिज्ञासू म्हणून आले नव्हते. ते प्रतिवादी म्हणून आले होते. स्वामींनी त्यांच्या शास्त्रज्ञानाचा अवमान केला नाही. त्यांनी म्हाइंभटांस बोलू दिले, आणि मग त्यांच्याच बोलण्याच्या आधारे मोक्षासंबंधी विचार करावयास लाविले. शास्त्रे मोक्षाचे वर्णन करतात. परंतु वर्णन करणाऱ्यास तो प्राप्त झालेला असतोच असे नाही. शब्दाचे ज्ञान आणि वस्तूचे ज्ञान यांत जे अंतर आहे, ते म्हाइंभटांस त्या दिवशी प्रथम दिसले. आजवर अनेकांस निरुत्तर करणारा पंडित स्वतः निरुत्तर झाला.

येथे एक गोष्ट साधकांनी विशेष लक्षात घ्यावी. वादात हरणे आणि अंतःकरण पालटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हरलेला मनुष्य पुष्कळदा अधिक हट्टी होतो आणि पुढील सभेची तयारी करू लागतो. म्हाइंभटांचे तसे झाले नाही. त्यांचे पालटणे मात्र एका दिवसाचे नव्हते. संपत्ती, कुलाभिमान आणि विद्येचा लौकिक ही तिन्ही बंधने तोडून अनुसरणाच्या मार्गास लागावयास त्यांस काळ लागला. जे सहज सुटते ते फारसे बांधलेलेच नसते. म्हाइंभट बांधलेले होते, म्हणूनच त्यांच्या सुटण्याचे मोल अधिक.

शके ११९६ म्हणजे इसवी सन १२७४ च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. भक्तजनांस सन्निधान सरले आणि असन्निधानाचा काळ प्राप्त झाला. स्वामींच्या आज्ञेप्रमाणे आचार्य श्रीनागदेव, ज्यांस आपण भटोबास म्हणतो, ते इतर भक्तांसह श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस ऋद्धिपुरी गेले. कळंब, यवतमाळ या बाजूने वायव्येस गेले असता अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात हे परम पवित्र स्थान लागते. म्हाइंभटही तेथे आले.

ऋद्धिपुरात त्यांस जे पाहावयास मिळाले, ते कोणत्याही शास्त्रसभेत मिळाले नसते. श्रीप्रभूंचा संचार सर्वत्र होता. ते महारांच्या घरी जात, तेथे खात-पीत आणि तसेच अन्य घरी येत. यामुळे गावातील प्रतिष्ठितांची कुचंबणा होई आणि त्यांच्या तक्रारी उठत. परंतु त्याच गावातील स्त्रिया आपल्या लेकराचे दुखणे, घरातील अडचण, मनातील भीती घेऊन श्रीप्रभूंजवळ येत. सोवळ्याओवळ्याच्या नियमांत वाढलेल्या म्हाइंभटांनी हे सर्व जवळून पाहिले. पुढे चारही वर्णांच्या दारी भिक्षा मागण्याचा आचार त्यांच्या वाट्यास आला. ज्या दारापुढून आपण एके काळी अंग चोरून गेलो असतो, त्याच दारी झोळी पुढे करून उभे राहणे, यासारखा अभिमानावर दुसरा उपाय नाही. देणारा वर आणि घेणारा खाली, अशी जगाची रीत आहे. स्वामींच्या आचारधर्माने विद्वानास घेणारा केले.

लीळाचरित्राच्या निर्मितीचा प्रसंग स्मृतिस्थळातून आपणास ज्ञात आहे. ऋद्धिपुरी वाजेश्वरीच्या स्थानी भटोबास एकांतात मग्न बसलेले असत. म्हाइंभटांनी त्यांस त्या मग्नतेचे कारण विचारले. आपण स्वामींच्या लीळांचे मनन करीत असतो, असे भटोबासांकडून कळल्यावर म्हाइंभटांच्या मनात विचार आला की, ज्यांनी स्वामींस प्रत्यक्ष पाहिले ते आज आहेत, उद्या नसतील. मग पुढे येणाऱ्यांनी स्मरण कशाच्या आधारे करावे? असन्निधानात नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण हाच जीवास आधार. त्यातील लीळा जर विस्मरणात गेल्या तर तो आधारच खचेल. म्हणून त्या शोधून, एकत्र करून ग्रंथरूप द्याव्या, असे त्यांनी आचार्यांपुढे मांडले. आचार्यांची संमती मिळाली, आणि येथून म्हाइंभटांच्या आयुष्यातील पृच्छेचा भाग सुरू झाला.

या कामाचे स्वरूप ध्यानी घेण्यासारखे आहे. स्वामींच्या लीळा कोण्या एकट्यास ठाऊक नव्हत्या. एकांकातील लीळा म्हणजे स्वामी एकाकी संचार करीत होते त्या काळातील, आणि त्या स्वामींनीच प्रसंगोपात्त भक्तांस सांगितलेल्या. पूर्वार्ध आणि उत्तरार्धातील लीळा मात्र निरनिराळ्या भक्तांनी, निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या वेळी पाहिलेल्या. एक लीळा भटोबासांजवळ, दुसरी महादाइसेजवळ, तिसरी एखाद्या गावी राहणाऱ्या गृहस्थाश्रमी भक्ताजवळ. म्हाइंभटांस या सर्वांपर्यंत जावे लागले. ज्याने जे पाहिले ते त्याच्याच तोंडून ऐकावयाचे, कोठे पाहिले, कोणती वेळ होती, जवळ कोण होते हे विचारावयाचे, आणि मग लिहावयाचे. सांगणारा ब्राह्मण की अन्य वर्णाचा, पुरुष की स्त्री, पढलेला की अनपढ, हा प्रश्न येथे गैरलागू होता. एकच गोष्ट महत्त्वाची होती. ती म्हणजे त्याने पाहिले होते की नाही.

यातील क्रांती आज आपल्या लक्षात सहजासहजी येत नाही. जेथे वेदवाक्य किंवा शास्त्रवाक्य हेच प्रमाण, तेथे एखाद्या वृद्ध स्त्रीच्या आठवणीस प्रमाण मानणे म्हणजे ज्ञानाच्या अधिकाराचा पायाच बदलणे होते. कालपर्यंत सभेत उच्चासनावर बसलेला पंडित तिच्यासमोर बसून ऐकू लागला, आणि तिने सांगितलेले तिच्याच शब्दकळेत उतरवू लागला. पूर्वग्रह केवळ उपदेशाने जात नाही. ज्याच्याविषयी पूर्वग्रह आहे, त्याच्याजवळ आपणास हवे असलेले काही आहे, हे ज्या क्षणी उमगते, त्या क्षणी तो जाऊ लागतो. म्हाइंभटांस स्वामी हवे होते. आणि स्वामींचे अंश या सामान्य जनांच्या स्मृतीत विखुरलेले होते. त्यांच्या दारी गेल्यावाचून गत्यंतर नव्हते.

स्वामींनी निरूपिलेल्या दृष्टांतांत जन्मांधांचा आणि हत्तीचा दृष्टांत आहे. कोणाच्या हाती सोंड आली, कोणाच्या हाती कान, कोणाच्या हाती पाय, आणि जो तो आपल्या हाती आले तेवढ्यासच हत्ती म्हणू लागला. आपल्या हाती आले तेवढेच सत्य, असा आग्रह म्हणजेच पूर्वग्रह. म्हाइंभटांनी तो आग्रह टाकला. सांगणारांच्या आठवणीत अंतर पडले तर ते दडपून एकच गोष्ट गोड करून सांगण्याचा मोह त्यांस झाला नाही. मतभेद नोंदवून ठेवण्याची जी शिस्त आपल्या पूर्वाचार्यांच्या लेखनात आढळते, तिचे मूळ या वृत्तीत आहे. आणि जेथे आपल्याच पांडित्याचा पराभव सांगावयाचा होता, तेथेही त्यांनी लेखणी आवरली नाही. स्वतःची नामुष्की स्वतः लिहून ठेवणारा ग्रंथकार विरळाच. ज्या सभेत आपण हरलो ती सभा त्यांनी लपविली असती तर विचारणारे कोणी नव्हते. परंतु मग इतरांच्या आठवणींविषयी सत्याचा आग्रह धरण्याचा अधिकार त्यांस राहिला नसता.

ग्रंथाची भाषा मराठी ठेवली गेली, हेही याच वृत्तीचे फळ. लीळाचरित्राचा काळ सामान्यतः शके १२०० म्हणजे इसवी सन १२७८ च्या सुमाराचा मानला जातो, आणि मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ म्हणून त्याची मान्यता आहे. म्हाइंभटांस संस्कृतात लिहिणे अवघड नव्हते. परंतु लीळा सांगणारांस जी भाषा येत होती त्याच भाषेत ती राहिली पाहिजे, नाही तर ज्यांनी दिले त्यांच्याच हाती ती परत जावयाची नाही. पुढे केशोबासांसारख्या अधिकारी संस्कृतज्ञाच्या मनात संस्कृत रचनेचा विचार आला, तेव्हा भटोबासांनी त्यास आवरले. तसे केल्याने आपल्या म्हाताऱ्या बायका या ज्ञानास मुकतील, ही त्यांची चिंता होती. याच केशोबासांनी पुढे लीळाचरित्रात विखुरलेली स्वामींची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला आणि एकशे चौदा दृष्टांतांचा दृष्टांतपाठ रचला. आज आपण सूत्रांचे जे विवरण करतो त्याच्या मुळाशी लीळाचरित्र आहे, आणि लीळाचरित्राच्या मुळाशी म्हाइंभटांची पृच्छा आहे.

श्रीगोविंदप्रभूंच्या निर्याणानंतर म्हाइंभटांनी श्रीप्रभूंचे चरित्रही सिद्ध केले. ऋद्धिपूरलीळा या नावानेही आपण ते ओळखतो. त्यात तीनशेहून अधिक लीळा आहेत. येथे तर साक्षीदार म्हणजे गावच होता. मातंगांनी पाण्यासाठी श्रीप्रभूंस विनविले आणि त्यांनी विहिरीची जागा दाखविली, ही लीळा म्हाइंभटांनी तितक्याच आदराने नोंदविली आहे जितक्या आदराने अन्य चमत्कार. श्रीप्रभूंच्या महारवाड्यातील संचाराने नाराज झालेल्या लोकांच्या तक्रारीही त्यांनी गाळल्या नाहीत. त्यामुळे त्या काळचा पूर्वग्रह कसा बोलत होता, हेही आपणास याच ग्रंथातून कळते.

ग्रंथाचे पुढील प्राक्तन मात्र सुखाचे नव्हते. चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीवर आक्रमणे होऊन यादवांची सत्ता गेली, त्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी नष्ट झाल्याचे परंपरा सांगते. तेव्हा ज्यांच्या स्मरणात लीळा होत्या त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या, आणि त्यांत हिराइसेचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. स्त्रियांच्या मुखातून आलेले ज्ञान लेखणीने जतन केले होते. लेखणीचे लिहिलेले गेले तेव्हा ते स्त्रीच्याच स्मरणशक्तीने परत दिले. भटोबासांनी म्हाताऱ्यांची जी काळजी वाहिली होती, तिची याहून मोठी फेड कोणती असणार!

कालांतराने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद झाले. त्यामुळे त्यांचे रक्षण झाले, पण बाहेरच्या समाजाशी संवाद तुटला. संवाद तुटला की पूर्वग्रह वाढतो, हा नियम येथेही खरा ठरला. महानुभाव या नावापासून बनलेला मानभावी हा शब्द मराठीत ढोंगी या अर्थाने रूढ झाला. एका संप्रदायाविषयीचा गैरसमज असा भाषेच्याच अंगी मुरला. दुसरीकडे त्याच काळात आपले संत-महंत पंजाब, पेशावर, काबूलपर्यंत गेले, जयकृष्णी या नावाने ओळखले गेले, आणि दूरदेशीच्या अनुयायांनी मराठी ग्रंथ धर्मग्रंथ म्हणून मस्तकी धरले. घरात गैरसमज आणि परदेशी आदर, असे हे चित्र होते.

विसाव्या शतकात हे दार पुन्हा उघडले, तेही दोन्ही बाजूंनी पुढे आलेल्या मनुष्यांमुळे. काही महंतांनी आपल्या पोथ्या आणि लिपीची किल्ली अभ्यासकांस दिली, आणि संप्रदायाबाहेरच्या अभ्यासकांनी ती विश्वासाने घेतली. यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे यांचा महानुभावीय मराठी वाङ्मय हा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. नागपूरचे ह. ना. नेने यांनी १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग संपादून प्रकाशित केले. डॉ. वि. भि. कोलते यांनी या वाङ्मयाच्या अभ्यासास आयुष्य वाहिले. त्यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकन विदुषी अॅन फेल्डहाउस यांनी श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद १९८४ साली केला. ज्या ऋद्धिपुरी म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या, तेथेच २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठाचे काम सुरू झाले. या प्रत्येकाने आपापल्या परीने म्हाइंभटांचीच वाट धरली होती. आपल्याजवळ नसलेले दुसऱ्याजवळ आहे, हे मानून ते विचारावयास गेले होते.

मग आज आपण काय करावे? कळंबच्या बाजारपेठेत, चिंतामणीच्या दर्शनास जाणाऱ्या वाटेवर, शेताच्या बांधावर निरनिराळ्या उपासनेची, निरनिराळ्या जातींची माणसे रोज एकमेकांस भेटतात. त्यांच्याशी बोलताना आपल्या हातून बहुधा वादच घडतो. आपला देवता-परमेश्वरभेदाचा सिद्धांत कितीही निश्चित असो, तो सांगण्यापूर्वी समोरच्याचे ऐकून घेण्यास कोणत्याही सूत्राने मज्जाव केलेला नाही. निष्ठा एका ठिकाणी दृढ असलेलाच मनुष्य दुसऱ्याच्या दारी निर्भयपणे जाऊ शकतो. म्हाइंभटांची निष्ठा स्वामींच्या ठायी अचल होती, म्हणूनच त्यांस कोणाच्याही दारी जाण्याची लाज वाटली नाही.

लीळाचरित्र वाचताना साधकाने प्रत्येक लीळेच्या मागे एक सांगणारा आणि एक ऐकणारा उभा आहे, हे स्मरावे. सांगणारा बहुधा सामान्य आहे. ऐकणारा सराळ्याचा तो विद्वान आहे, जो डोमेग्रामी जिंकण्यासाठी आला होता. त्याने त्या दिवशी हार मानली नसती, तर आज आपल्या हाती स्मरणासाठी एवढेही उरले नसते. दंडवत प्रणाम.